यार्डाचा शेअर

लातूरला मार्केट यार्डासमोर एका शेअर दलालाच्या ऑफिसात मी सौदे टाकायचं काम करतो. आडत दुकान मुलाच्या हवाली केलेले एक म्हातारे व्यापारी रोज सकाळी आमच्याकडं येऊन बसायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांनी शेअरचा सौदा कधी केला नाही. जिथं कुणी ओरडून बोली लावत नाही, तो बाजार त्यांना खरा वाटत नव्हता.

एका शनिवारी मॉक ट्रेडिंग होतं. यंत्रणा नीट चालते का हे बघायला एक्सचेंज अधूनमधून सुटीच्या दिवशी लुटुपुटूचा बाजार भरवतं. पैसे कुणाचेच जात नाहीत. अप्पांच्या सांगण्यावरून मी एक विक्री टाकली. टाकली तशी झाली.

"घेतलं कोन?" अप्पांनी विचारलं.

ते कळत नाही, म्हटलं. ज्याचा भाव चांगला त्याला आधी, भाव सारखाच असला तर आधी आला त्याला, अशी जोडी लावून एक्सचेंजचं मशीन मोकळं होतं. मग जोड्या लावणाऱ्याला काय सुटतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, खऱ्या सौद्यात घेणारा आणि विकणारा, दोघांकडून थोडं थोडं; भाव चढो की पडो. शिवाय एक्सचेंजच्या यादीत नाव राहावं म्हणून कंपन्या दरसाल पैसे देतात, आणि पडद्यावर पळणारे भावसुद्धा विकले जातात.

अप्पांनी खिडकीतून समोरच्या यार्डाकडं बघितलं.

"म्हणजे यार्डच हाय की. त्याचा शेअर मिळतो का?"

मिळतो, पण स्वतःच्या बाजारात नाही, दुसऱ्या एक्सचेंजवर. यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. सोमवारी एक्सचेंजचाच शेअर घेऊन त्यांनी शेअर बाजारातला पहिला सौदा केला.

तेव्हापासून अप्पा भाव विचारीत नसत, सौदे किती झाले ते विचारीत. पुढं एक दिवस बाजार चांगलाच आपटला. ऑफिसात जो तो आपला तोटा मोजत होता. सौदे लई व्हायलेत का, असं अप्पांनी मला हळूच विचारलं. होत होते, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी त्यांना त्यांचा शेअर दाखवला. तोही पडला होता.

"आज धंदा तर जोरात झाला ना?"

"झाला, अप्पा."

"मग ह्याचा भाव का पडला?"

लोक घाबरले की हाताला लागेल ते विकतात, एवढंच मला सांगता आलं. अप्पांना ते पटलं नाही. पडद्याकडं पाठ करून त्यांनी चहा घेतला, शेअर विकायचा नाही म्हणून मला बजावलं आणि दुकानाकडं गेले.

अजून विकलेला नाही. हल्ली मात्र सकाळी ते यार्डात सोयाबीनच्या बोलीला बसतात. आमच्याकडं येतात ते दुपारनंतर, ओरडून घसा बसलेला असतो.