झाड हलवायचं मशीन

वर्कशॉपात एक मशीन धड चालेपर्यंत पोतंभर किस्से जमतात! आमच्या आंबे पाडायच्या मशीनचे तर इतके, की कुठून धरावं कळत नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची गोष्ट. येडशीला बाबूमियांच्या वर्कशॉपात मी फिटर होतो. एक दिवस गुरप्पाअण्णा काठी टेकत आले. मोठी आमराई त्यांची. आंबे उतरवताना फांदी मोडून पडले होते. पाय कायमचा वाकडा झाला.

"मियाँ, माझ्या बागेत आता माणूस झाडावर चढणार न्हाय."

"मग आंबे खाली कसे येणार, अण्णा?"

"ते तुम्ही बघा!"

बाबूमियांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "झाडच हलवू. इन्शाल्ला!"

*

पहिली ट्रायल. वायररोपचं एक टोक फांदीला, दुसरं ट्रॅक्टरला. मी क्लच सोडला. कडाड!

अण्णा लांब बांधावर होते. तिथूनच ओरडले, "उतरले का आंबे?"

"उतरले!" बाबूमिया म्हणाले. "फांदीसकट!"

अण्णा लंगडत आले. फांदीकडं बघितलं. "दुसरं झाड घ्या."

*

मग ओढायचं सोडून हलवायचं ठरलं. ट्रॅक्टरच्या पुलीला वायररोप मागंपुढं खेचणारा क्रँक जोडला, फांदीला टायरचा तुकडा गुंडाळला. झाड अंगात आल्यासारखं घुमायला लागलं! आंबे पडले, कैऱ्या पडल्या... आणि शेंड्यावरचं आग्यामोहोळ उठलं! मशीन तसंच सोडून आम्ही राखणदाराच्या कोपीत शिरलो.

दुसऱ्या दिवशी बाबूमियांचे डोळे सुजून मिटलेले. म्हटलं, चार दिवस घरी पडा.

"आँखां बंद हैं, कान तो खुले हैं ना? चालू कर! आवाजावरनं स्पीड सांगतो!"

*

आंबे जमिनीवर आपटून दबायचे, म्हणून खाली गोणपाटाचा तळवट ताणून धरला. शेतीखात्याचे एक साहेब बघायला आले ते पार जवळ येऊन उभे राहिले. तळवटावरून आंबा उसळला तो थेट त्यांच्या टोपीवर!

अण्णा म्हणाले, "साहेब, दरसाल पिकताना आंब्याला पाड लागतो. औंदा पाडच तुमाला लागला!"

साहेब हसले. मग मान हलवून म्हणाले, "पण हे काही जमायचं नाही."

तोवर बाबूमिया तळवट ढिला करायला लागलेसुद्धा!

*

पुढच्या हंगामात जमलं. धक्का कमी केला, तळवट सैल बांधला. मी ट्रॅक्टरवर बसून मशीन चालू केलं. पाडाचे आंबे टपाटप खाली, कैऱ्या जागच्या जागी. अण्णा एकेक आंबा उलटापालटा करत होते. डाग सापडेना.

तेवढ्यात हुसेनबी आली. तिचा नवरा शेजारच्या बागेत झाडावर चढून आंबे उतरवायचा. तो मागं, मान खाली घालून. आम्हाला वाटलं, नवऱ्याचं काम जाणार म्हणून बाई भांडायला आली.

तिनं काखेतला दोर मशीनपुढं टाकला.

"यांचा झाडावर चढायचा दोर हाय. मशीनला लावा."

"मशीनला वायररोप आहे, बहन," बाबूमिया म्हणाले.

"मग म्हशीला बांधा. माज्या घरात नगं." तिनं ट्रॅक्टरकडं बोट केलं. "आन् ह्यांना तिथं बसवा."

मी सीटवरून खाली उतरलो.