नाकवाल्याचा निकाल

पंपवाल्याला सगळी वस्ती 'नाकवाले' म्हणायची. माणूस तसा नाकासमोर चालणारा. तेलाच्या गोदामाची जमिनीखालची पाइपलाइन फुटून गुपचूप झिरपत राहिली, तेव्हा विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतोय हे सगळ्यांत आधी त्यानेच ओळखलं होतं. म्हणून सफाईच्या कामावर त्यालाच घेतलं. पंपाने जमिनीखालचं पाणी उपसायचं, टाकीत तेल वर तरंगलं की काढून घ्यायचं. वर्षानुवर्षं हेच. जमीन एकदा तेल प्यायली की सहजासहजी ओकत नाही.

प्रयोगशाळेचा निकाल यायला महिना लागे. एवढा धीर कोणाला? लोक बाटलीत पाणी भरून याच्याकडेच आणत. हा हुंगे, मान हलवे. झाला निकाल, ना फी ना शिक्का.

थोरल्या बहिणीनेही आपल्या बोअरचं पाणी आणलं. "काही नाही ताई, खुशाल पी," तो म्हणाला. तिच्या घरी नवी सून आली होती. तिने पहिल्याच दिवशी पेला खाली ठेवला. "याला वास येतोय." सासू हसली. "तुझं नाक मोठं की माझ्या भावाचं?" सुनेने पेला उचलला आणि प्यायली. पुढे तिला दिवस गेले, तरी घरात पाणी तेच.

परवा पंपाच्या खोलीत डिझेलचा कॅन कलंडला. नाकवाले शेजारीच बसून डबा खात होते. कामावरचा जोडीदार दारातूनच नाक दाबून मागे सरला. "अहो, इथे घास उतरतो कसा तुम्हाला?"

नाकवाल्याने खाली पाहिलं. चपला डिझेलमध्ये बुडाल्या होत्या. एक उचलून नाकाशी धरली. काहीच नाही. डब्यातला कांदा हुंगला, हात धुवायचा साबण हुंगला. काहीच नाही.

"रोज याच वासात राहून नाक मरतं हो," जोडीदार म्हणाला.

डबा तसाच टाकून तो बहिणीच्या घराकडे धावत सुटला. आपण किती जणांपुढे मान हलवली ते आठवत होतं, आणि स्वतःची चीड येत होती. सून ओट्याशी उभी होती, सातवा महिना लागलेली, हातात भरलेला पेला. त्याने तो काढून घेतला.

"पोरी, खरं सांग. याला वास येतो?"

त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिला कणव आली. समजूत घालावी तशी ती हसली.

"आधी यायचा, मामा. आता नाही येत."