ना जखम, ना वास

साहेबांनी आईच्या पाठीवरचा पदर पेनानं बाजूला केला. हातानं नाही. पेनानं. सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात, भरल्या रांगेसमोर. मला ब्लाउज मागून खाली ओढायला सांगितलं. मी ओढला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडतात तशा जखमा त्यांनी वाकून शोधल्या आणि पेन शिपायाकडे पुसायला दिलं.

"ना जखम, ना वास. मग तुझी अडचण काय?"

मी अर्ज पुढं केला. मग ते म्हणाले, "स्वतःच्या आईला सांभाळायचे पैसे मागतेस. लाज नाही वाटत?"

वाटली. खोटं कशाला सांगू? आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी सोलापुरातच युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला होते. भाऊ पुण्याला, फोनवर चौकशी करतो. काम सोडलं ते मी. आईला मिळणाऱ्या सरकारी अनुदानात तिची औषधंसुद्धा भागत नाहीत. वस्तीतल्या एक कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, असा माणूस सांभाळणाऱ्या घरच्यांनाही मदत मिळू शकते, अर्ज कर. केला. पण तेव्हापासूनच मन खात होतं. आईच्या मायेची मजुरी मागते का मी?

साहेबांनी फेरतपासणीसाठी पुढच्या मंगळवारी बोलावलं. आईला रिक्षात बसवताना शिपाई हळूच जवळ आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेला आंगोळ घालू नका. हाय तसंच आना. बघून काम हुतंय."

आमच्या घरात हे कुणाला सुचलंच नसतं. आई मंगल कार्यालयात भांडी घासायची, पण सरकारी दारात जायचं तर धुतलेली, खळ दिलेली पांढरी साडी. तिच्या लहानपणी, तिच्या बापासमोर एका कारकुनानं नाकाला रुमाल लावला होता. ते ती विसरली नाही. मला शाळेत सोडतानाही म्हणायची, "कुनी नाक धरलं न्हाय पायजे आपल्याकडं बगून." म्हणून तर मी तिला सजवून नेलं होतं. वेणी घालून, पावडर लावून. तेच आडवं आलं.

मंगळवार उजाडला. मी पाणी तापवलं नाही.

आईचं अंथरूण पहाटेच ओलं झालं होतं. मला माहीत होतं. वास येत होता. मी चूल पेटवून चहा ठेवला, पाठमोरी उभी राहिले आणि मनाशी म्हणाले, एवढ्या एका दिवसानं काय होतंय? कारखान्यात मान मोडून काम करताना जे मन कधी इतकं दगड झालं नव्हतं, ते त्या सकाळी झालं.

मागं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं. आई चांगल्या हातानं पांघरूण ओढत होती. ओल झाकत होती. माझ्यापासून. आजारानंतर तिला शब्द जुळवायला वेळ लागतो. तोंड वाकडं करत, थांबत थांबत ती बोलली.

"दमलीस की गं तू."

तिला वाटलं, मी दमले म्हणून उठवलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिथंच खाली बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटलं. पेनानं पदर सारणारा साहेब आणि मी, दोघांत त्या सकाळी काय फरक होता?

मग पाणी तापवलं. आईला धुतलं, पुसलं, पाठीला खोबरेल लावलं. पांढरी साडी नेसवली. उशीर झाला. होऊ दे म्हटलं.

साहेबांनी पाहिलं आणि हसले. "आज पण नवरीसारखी आणलीस की."

या खेपेला मी बोलले.

"जखम असती तर मदत दिली असती न्हवं? मग जखम होऊ नये म्हनून मी दिसरात राबती, ते काम न्हाय व्हय? नामंजूर करायचं तर करा. पन कारन लिवून द्या. म्हातारी स्वच्छ हाय म्हनून नामंजूर. खाली सही करा."

साहेबांनी लिहिलं नाही. बाहेर थांबायला सांगितलं, आणि संध्याकाळी म्हणाले, पुढच्या मंगळवारी या.

अजून मंजूर नाही, नामंजूरही नाही. रोज आईची पाठ धुताना ती सकाळ आठवते आणि हात थांबतो. ते जाणार नाही. जाऊही नये. पण पैसे मागायची लाज मात्र मी तिथंच, त्या व्हरांड्यात सोडून आले. ती ज्यांची आहे त्यांनी उचलावी.

मंगळवारी परत जाणार आहे. आई धुतलेलीच येईल, खळ दिलेल्या साडीत. आणि या खेपेला तिच्या पदराकडं पेन आलं, तर ते मी धरणार आहे.