फक्त भाषांतर

विमानतळ सुरू झाला आणि पेडण्यात वकिलांचं पीक आलं. त्याआधी आम्ही मोजकेच होतो, कोर्टाजवळच्या गाळ्यांत बसणारे. एक टेबल, एक पंखा, पक्षकारांना एक बाकडं. मग मुंबईच्या एका मोठ्या फर्मनं मोटारींच्या शोरूमवरचा अख्खा मजला घेतला. काचेचा दरवाजा, आत अशी थंडी की गावची माणसं खांद्यावरचा टॉवेल अंगाला लपेटून बसत. माझे निम्मे पक्षकार त्या थंडीत बसायला गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा राग कुठून आला ते शोधत बसायला नको.

त्यांना माझी गरज एकाच गोष्टीसाठी होती. इथल्या जमिनींचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये, तेही हातानं लिहिलेले, आणि ते वाचणारे आता फार थोडे उरलेत. मी ज्या म्हाताऱ्या वकिलांच्या हाताखाली शिकले, त्यांनी मला ते अक्षर लावायला शिकवलं होतं. मी फर्मला भाषांतरं करून देऊ लागले. एकदा त्यांच्या मोठ्या साहेबांना मी सहज सांगितलं, की गोव्यात लग्न झालेल्या माणसाला एकट्याला जमीन विकता येत नाही. वडिलांकडून आलेली असली तरी बायकोची सही लागते, मुंबईसारखं नाही. समोर पार्से गावचं एक जोडपं बसलं होतं, वीस वर्षं माझ्याकडे येणारं. साहेब हसले.

"मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा. कायदा आमच्यावर सोडा."

जोडप्यातली बाई खाली बघायला लागली. साहेबांच्या हसण्यापेक्षा तिच्या खाली बघण्यानं माझं डोकं जास्त फिरलं. मी चहा पूर्ण प्यायले, कप बशीत ठेवला आणि मनाशी म्हटलं, बरं, फक्त भाषांतर.

महिन्याभरात पार्सेतल्या एका काजूच्या बागेचे कागद आले. विकणारा वास्कोला बंदरावर ट्रक चालवणारा, घेणारा फर्मचा बिल्डर. जुन्या वाटणीपत्रात त्या ट्रकवाल्याच्या आज्याच्या नावामागोमाग आजीचं नाव होतं, आमच्याकडे असतंच. मी ते इमानानं उतरवलं. सीमा जुळवायला सोबत नव्या विक्रीखताचा मसुदा दिला होता, त्यात ट्रकवाला एकटाच. त्याची बायको शिरगावला माहेरी राहते आणि घटस्फोट झालेला नाही, हे अख्ख्या पार्सेला ठाऊक. मी समासात लिहायला पेन उघडलं. मग टोपण लावलं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

खत झालं. मी त्यांचं काम सोडलं. बागेला कुंपण पडलं, तेव्हा ट्रकवाल्याची बायको शिरगावहून येऊन माझ्या बाकड्यावर बसली. बागेच्या खालच्या अंगाला विहीर आहे, तिच्याभोवतीची झाडं तिनं लग्न होऊन आल्यावर स्वतः लावलेली. तिला तेवढाच भाग हवा होता. फर्मचे कागद माझ्या हाताखालून गेलेले, म्हणजे हा दावा मी घ्यायला नको होता, दुसऱ्या कुणाकडे पाठवायला हवा होता. मी घेतला. कोर्टानं मनाई दिली, जेसीबी जागच्या जागी उभा राहिला आणि आठवड्याच्या आत साहेब माझ्या गाळ्यात आले. मी त्यांना बाकड्यावर बसवलं, एक म्हातारी आणि तिनं आणलेला फणस यांच्या मध्ये, आणि टायपिस्टशी फणसाच्या भाजीवर बोलत राहिले. साहेबांची कॉलर घामानं भिजली तेव्हा आत बोलावलं.

त्यांनी तडजोड आणली होती. विहिरीसकट खालची अर्धी बाग बाईच्या नावावर, वरची बिल्डरला, दावा मागे. मी कळवते म्हटलं आणि कळवलं नाही. मला अख्खं खत रद्द झालेलं हवं होतं. त्यांची चूक निकालपत्रात यायला हवी होती. दोन तारखा अशाच गेल्या. तिसऱ्या तारखेआधी बाई दोन बस बदलून माझ्याकडे आली. तडजोडीचं तिला नवऱ्याकडून कळलं होतं. तिनं आवाज चढवला नाही.

"वकीलबाय, ह्यो झगडो माजो काय तुमचो?"

त्याच दिवशी मी साहेबांना फोन केला.

बाईची एकच अट होती, सही काचेच्या ऑफिसात करणार नाही. म्हणून साहेब शिरगावला आले आणि तिच्या सोप्यावरच्या डुगडुगत्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, अवघडून बसले. नवरा पायरीवर. मी बाईला कागद वाचून दाखवला. साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, काही राहिलं नाही ना? तुम्हीच बघा."

वर्षभर मी याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तयार होतं: मी फक्त भाषांतर करते, कायदा तुमच्यावर सोडलाय. बसमध्ये, स्वयंपाक करताना, देवळात हात जोडल्यावरसुद्धा मी ते घोळवलं होतं. आणि कागदात राहिलं होतंच. विहिरीकडे जायची वाट वरच्या अर्ध्या भागातून जाते, तिचा कुठे उल्लेख नव्हता. मी माझं वाक्य बोलले असते, तर साहेब लाल होऊन सह्या उरकून गेले असते आणि बाईला आपल्याच विहिरीवर जायला बिल्डरच्या गेटवर विचारावं लागलं असतं. ती माझ्याकडे बघत होती. सरळ, खाली नाही.

"वाट राहिलीय," मी म्हटलं. "लिहा."

मी सांगत गेले आणि साहेब मांडीवर फाइल घेऊन स्वतःच्या हातानं लिहीत गेले. एक ओळ मी त्यांना पुन्हा लिहायला लावली. तशी गरज नव्हती.

बाई आता त्या वाटेनं जाते-येते. माझं वाक्य माझ्याकडे तसंच पडून आहे, आणि त्यांचं ऑफिस अजून पेडण्यातच आहे.