सहा नर खेकडे आणि कन्नडच्या दोन फेऱ्या

माझी भाची रोहिणी संभाजीनगरात खेकड्यांवर संशोधन करते. नर खेकड्याच्या वीर्यग्रंथींत प्रथिनं किती, कधी वाढतात, कधी घटतात, हे ती मोजते. मोजून करायचं काय, असं मी दोनदा विचारलं. दोनदा तिनं समजावलं, दोनदा मी मान डोलावली. डोक्यात शिरलं काही नाही. एवढं मात्र कळलं की ओढे आटत आलेत, खेकडे बिळात गेले की तिचं वर्ष वाया, आणि शेवटच्या नोंदींना सहा नर हवेत. तिला प्रयोगशाळा सोडता येईना. मी जालन्याहून पितळखोऱ्याची लेणी बघायला तिच्याकडे आलेच होते. म्हटलं, तिथल्या ओढ्यातून आणते.

कन्नडपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर भजी खा, चहा नको, नुसता पाक असतो. पुढं जीप. लेणी खाली दरीत, चढताना गुडघ्यांनी जीव काढला. मग ओढ्यावर खेकडे धरणाऱ्या हिराबाईंना गाठलं. त्यांनी एक उलटा करून दाखवला: पोटावरची पट्टी निमुळती तो नर, रुंद ती मादी. हे झटकन कळलं. नांग्या मोडून देऊ का, त्यांनी विचारलं. बाजारात तसेच देतात. मी म्हटलं, मोडा बाई, एसटीत कुणाला चावले तर?

संध्याकाळी संभाजीनगरात रोहिणीनं पिशवी उघडली आणि सहाही खेकडे बाजूला सारले. जखमी खेकड्याचे आकडे खरे येत नाहीत म्हणे. मी चिडलेच.

"अगं, तू तरी काय त्यांची पूजा करणार? कापणारच ना?"

"कापणार. पण धडधाकट असलेले, आणि आधी बर्फात बधिर करून."

यातलं मला काय कळावं, कप्पाळ! त्या सहांचा रस्सा केला, रोहिणी जेवली नाही. तिचा चेहरा मला बघवेना.

सकाळी पहिल्या गाडीनं परत कन्नड. हिराबाई म्हणाल्या, "काल मोडा म्हनलात, आज नका. लई येडं काम हाय तुमचं." दुपारपर्यंत कसेबसे सहा मिळाले. तुम्ही कधी खेकडे आणायला जाणार असाल तर झाकणाचा डबा न्या. मी पिशवीच नेली आणि बोट चेचून घेतलं.

जालन्याला परतल्यावर रोहिणीचा फोन आला. नोंदी पूर्ण झाल्या, नळीत गडद निळा रंग आला, म्हणजे प्रथिनं भरपूर. मला इतका आनंद झाला! तिनं मात्र भलतंच विचारलं.

"मावशी, बर्फात ठेवलं होतं मी त्यांना. दुखलं नसेल ना?"

एवढी शिकलेली पोर, आणि विचारते मला.

"नसेल गं," मी म्हटलं. मला काय माहीत?