बाळाला माकड म्हणणारा शाबू

बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की शाबू आधी नाक मुरडायचा. "अगो, हें माकड खंयसून हाडलें? परत दिवन येयात!" हे ऐकून बाळंतीण खूश, आजी त्याहून खूश. आमच्याकडे तान्ह्या बाळाला तोंडावर गोड म्हणत नाहीत, दृष्ट लागते. शाबू इतक्या मनापासून नावं ठेवायचा की आज्या म्हणायच्या, याच्या शिव्यांनी मूल बाळसं धरतं.

डिचोलीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आणि समोरच्या गल्लीत त्याचं फोटोचंच एवढंसं दुकान. माझ्याकडे फ्लॅश, समुद्र रंगवलेला पडदा, गुबगुबीत खुर्ची. त्याच्याकडे जुना कॅमेरा आणि धुवून विरलेलं पांढरं धोतर. तरी एक बारसं माझ्या वाट्याला येईल तर शपथ! माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. गोवा घटक राज्य होण्याच्या त्या दिवसांत मराठी की कोकणी यावरून बाजारातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मी आणि शाबू त्याआधीपासूनच बोलत नव्हतो; आम्हाला भाषेचं निमित्त लागलं नाही.

हा असं करतो तरी काय, ते बघायला मी एका बारशाला पाहुणा होऊन गेलो. त्याने हातावरची खाणीची लाल धूळ धुतली, चुलीपाशी बसून तळवे शेकले, खिडकीला धोतर बांधून ऊन मऊ केलं. बाळाला आईच्या जुन्या लुगड्यावर निजवलं आणि शेजारी मांडी घालून बसला. बाळ रडलं, प्यालं, झोपलं. घरचे कंटाळले, तर म्हणतो, "ताका घाय ना, मगे आमकां कित्या?" शेवटी कधीतरी एकदाच बटण दाबलं. फुकटचा तमाशा, असं मी मनात म्हटलं. पण नंतर धुऊन आलेला फोटो बघितला आणि जेवण गेलं नाही. आपण जन्मलो आहोत हे त्या बाळाला अजून कोणी सांगितलेलंच नव्हतं, असं ते निजलं होतं.

मग मीही धोतर घेतलं, तळवे शेकले आणि एका ओळखीच्या घरी गेलो. बाळ दिसलं आणि तोंडातून निसटलं, "अगो बाय, किती गोड!" आजीने मूल उचललं ते थेट आत. मीठ-मिरच्यांचा ठसका बाहेर आला, मीही बाहेर आलो. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही.

पुढे मला मुलगी झाली. बारसं बायकोच्या माहेरी, मोरजीला. मी कॅमेरा पुसत होतो, तर सासूबाई म्हणाल्या, "तुमी बापूय, तुमी बसा. फोटो शाबू काडटलो. हांवें ताका सांगलां." मी बायकोकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत राहिली, म्हणजे तिलाही तोच हवा होता. माझ्या पोरीचा पहिला फोटो, आणि तो शाबूने काढायचा! समोर समुद्र होता, त्यात उडी घ्यावीशी वाटली.

शाबू आला. धोतर बांधलं, हात शेकले आणि मुलीवर वाकला. माझ्या पोरीला माकड म्हणू दे, थोबाडच फोडतो, अशा तयारीने मी उभा. तो काही बोललाच नाही.

"म्हण मरे कितें तरी," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

त्याने गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "तूं काड. आयज हिका वायट म्हणूंक माका जमना. माजीच दिश्ट लागतली."

शाबूला मूलबाळ नव्हतं. सगळ्या बाजाराला माहीत होतं, मलाही होतं. तो उंबऱ्याबाहेर गेला, पाठ करून उभा राहिला, आणि तिथूनच ओरडला, "हात ऊन कर पयलीं!"

शाबू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मी काढलेला फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबतो आणि म्हणतो, "शाबूचा हात! दुसऱ्या कोणाला जमायचं नाही." माझा आजही तिळपापड होतो. पण मी 'हो' म्हणतो.