टँकरवाल्या एमिलचे डोंगर

आर्डिस टोलेफसनने उभा जन्म शाळेची बस चालवली, आणि त्यातला बराचसा एमिल हाउगस्टाडच्या दुधाच्या टँकरमागे हॉर्न वाजवण्यात गेला. विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात रस्ते अरुंद आणि वळणं फार. एमिल नेमका वळणावर टँकर उभा करायचा आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचा. मागे बसमध्ये पोरांचा धिंगाणा, शाळा भरायची वेळ झालेली, आणि पुढे हा बाबा समाधी लावून बसलेला.

"दूध पोचवायला निघालायस की नासवायला?" आर्डिस खिडकीतून डोकं काढून विचारायची. एमिल टोपीला हात लावायचा आणि सावकाश गिअर टाकायचा. तो गेला तेव्हा ती अंत्यविधीला गेली, चर्चच्या तळघरात बसून हॅमचं सँडविच खाल्लं आणि बाहेर पडताना मैत्रिणीला म्हणाली, "शववाहिकासुद्धा त्याच्याच वेगाने चालली होती बघ."

निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, तसं तिने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. मातीकामाचा वर्ग भरला होता म्हणून कलेचा इतिहास घेतला. वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची. शेवटी शेवटी इंटर्नशिप करणं सक्तीचं होतं. पोरं मिलवॉकीला, शिकागोला गेली. आर्डिसच्या वाट्याला गावातलंच म्युझियम आलं. लोण्याच्या जुन्या कारखान्यात भरवलेलं, आणि पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं वासरू हे तिथलं सर्वांत मोठं आकर्षण.

"मी विशीतलं कुणीतरी येईल असं धरून चालले होते," म्युझियम सांभाळणारी कोरिन म्हणाली. ती स्वतः तिशीतली होती.

"मीपण मला विशीतलीच धरून चालते," आर्डिस म्हणाली. "गुडघे मान्य करत नाहीत, एवढंच."

कोरिनने तिला तळघरात नेलं. एमिलच्या भाचीने मामाचं घर रिकामं करताना चादरींत गुंडाळलेल्या वस्तूंचा एक गठ्ठा आणून टाकला होता, तो अजून कुणी सोडला नव्हता. "काय आहे ते बघा, आणि ठेवण्यासारखं असेल तर सांगा," कोरिन म्हणाली आणि वर गेली.

आर्डिसने पहिली चादर सोडली. आत एक चित्र होतं, गावाजवळच्या स्कार व्हॅलीचं. सकाळचं धुकं ओढ्यावर साचलेलं, आणि त्यातून टेकड्यांचे माथे गायींच्या पाठींसारखे वर आलेले. दुसऱ्या चादरीत तीच दरी, पण मक्याची कापणी झालेली. तिसरीत बर्फ, आणि बर्फावर अशी काही निळी सावली की आर्डिस त्या दोन डोक्यांच्या वासराच्या रिकाम्या खोक्यावर बसली. हे वळण तिच्या पायाखालचं होतं. रोज ती इथून गेली होती, पण नजर समोरच्या टँकरच्या मागच्या दिव्यांवर. ही सावली इथे पडते हे तिला ठाऊकच नव्हतं. म्हणजे तो हे बघत होता, आणि आपण हॉर्न वाजवत होतो.

तिचे डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं आणि एकेका चित्रात आपली बस शोधायला लागली.

बस कुठेच नव्हती. "इतकी वर्षं त्याच्या आरशात मीच होते," ती वर येऊन कोरिनला म्हणाली. "कोंबड्या काढल्यात, पत्रपेट्या काढल्यात. मला मात्र गाळलं."

तरी कोरिन खाली येऊन चित्रं बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "याचं प्रदर्शन करायचं. भिंतीवरचा मजकूर तुम्ही लिहा."

चित्रं ओळीने मांडल्यावर आर्डिसला आणखी एक गोष्ट खटकली. लेस्टर ब्रूनचा सायलो, गुरांचा चारा साठवायचा तो उंच मनोरा, दरीत कुठूनही दिसायचा. एमिलच्या चित्रांत तो नव्हता. त्याच्या जागी कधी झाड, कधी ढग, आणि एका चित्रात तर इतकी उंच गाय की तिच्या घराण्यात कुणीतरी जिराफ असावा.

आर्डिसने दोन आणि दोन पाच केले. एमिल जन्मभर बिनलग्नाचा. लेस्टरची बायको डोलोरेस तरुणपणी देखणी. तिने मजकूर लिहिला: "इथे एका भग्न हृदयाने आपल्या प्रतिस्पर्ध्याला पुसून टाकलं आहे."

"पुरावा?" कोरिनने विचारलं.

"मी बस चालवलीय. कोण कुणाच्या दारापाशी का रेंगाळतं, ते मला कळतं."

"मग लेस्टरना एकदा विचारून या."

"नवऱ्याला कसं विचारू असलं?"

"ते प्रदर्शनाला आल्यावर भिंतीवर वाचतील, त्यापेक्षा बरं."

आर्डिस रुबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्या घेऊन लेस्टरकडे गेली. लेस्टर नव्वदीला टेकला होता, डोलोरेस जाऊन बरेच दिवस झाले होते. त्याने कॉफी ओतली. आर्डिसने हवापाणी, गुडघे, मक्याचा भाव असं सगळं फिरून शेवटी विचारलं, "एमिल आणि डोलोरेसचं काही होतं का रे?"

लेस्टरने वडी खाली ठेवली. "डोलोरेसचं? तिला तो डोळ्यांसमोर नको असायचा. दूध न्यायला उशिरा यायचा ना."

"मग त्याने तुझा सायलो का गाळला?"

लेस्टरने आपला कप पुन्हा भरला. "तू तेव्हा लहान असशील. तो सायलो मी स्वतः बांधला होता. कुणाला न विचारता. पहिल्याच हिवाळ्यात कलला. एमिलने तसाच कललेला काढला आणि जत्रेत लावला. लोक म्हणायला लागले, लेस्टरचा सायलो दारूच्या गुत्त्याकडे झुकलाय. मी गेलो त्याच्याकडे, म्हटलं सरळ कर. तो म्हणाला, वाकडं ते सरळ मला काढता येत नाही. पण तुझी लाज राखायची असेल तर गप्प बसता येतं. तेव्हापासून गप्प."

"आणि माझी बस?"

"ते मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, आर्डिसची बस काढली की चित्रातून आवाज यायला लागतो."

 दुसरी वडी आर्डिसने स्वतःच खाल्ली.

जत्रेतलं ते चित्र लेस्टरनेच विकत घेतलं होतं, दुसऱ्या कुणाच्या घरात लागू नये म्हणून. ते फ्रीझरच्या मागे होतं. त्याने ओढून काढलं, बाहीने पुसलं. सगळ्या चित्रांत ते उजवं होतं. संध्याकाळचं ऊन त्या कललेल्या मनोऱ्यावर असं पडलं होतं की तो दमून घरी निघालेल्या माणसासारखा दिसत होता.

"ने," लेस्टर म्हणाला. "पण एक अट आहे. सायलो सरळ दिसेल असं टांग. आणि का, ते कुणाला सांगायचं नाही."

कोरिनने आधी नाही म्हटलं, मग चित्र बघितलं, मग खिळा आणायला गेली. प्रदर्शनाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. जो येई तो त्या तिरक्या चौकटीला हात घालायचा, आणि खालच्या खुर्चीत काठी घेऊन बसलेला लेस्टर म्हणायचा, "हात नको. दरीच तशी आहे." आर्डिसने भग्न हृदय काढून टाकलं होतं आणि खाली फक्त लिहिलं होतं: "स्कार व्हॅली, सायलोसह."

तिच्या प्राध्यापिकाही आल्या. त्यांनी प्रदर्शनाची तोंडभरून स्तुती केली, पण एक चित्र तिरकं टांगल्याबद्दल आर्डिसचे गुण कापले. आर्डिसने शेरा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि लेस्टरसाठी कॉफी आणायला गेली.